जंतू एक, आजार दोन



एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नॉर्वेतल्या बर्गेन शहरात डॅनिएलसेन नावाचे एक डॉक्टर होते. कुष्ठरोग्याच्या गाठींतला अंश त्यांनी स्वतःला टोचून घेतला. एकदा नव्हे, अनेकदा. सहकाऱ्यांनाही टोचला. कुणालाच काही झालं नाही, म्हणून त्यांचं मत पक्कं झालं की रोग संसर्गाचा नाही, आनुवंशिक आहे. पुढे १८७३ साली त्याच शहरात कुष्ठरोगाचा जंतू दाखवला तो हान्सेननं, म्हणजे त्यांच्याच जावयानं! सासरेबुवांचा निष्कर्ष चुकला, पण प्रयोग खोटा नव्हता. आपल्याकडे बाबा आमट्यांनीही कलकत्त्यात स्वतःच्या शरीरावर असा प्रयोग करू दिला होता. त्यांनाही रोग झाला नाही.

शंभरातल्या जवळजवळ पंचाण्णव माणसांना हा जंतू काहीच करू शकत नाही. उरलेल्यांत गंमत सुरू होते. गंमत म्हणतो, पण रोग्यासाठी ती नाही. एकाच्या अंगावर एखाददुसरा बधिर चट्टा उमटतो, आणि त्यात शोधूनही जंतू सापडत नाही. दुसऱ्याची कातडी जाड होते, कानाच्या पाळ्या लोंबतात आणि अंगात जंतूंचा अक्षरशः बाजार भरतो. मग फरक कुठला?

हा जंतू राहतो कुठे, ते आधी पाहू. जंतू गिळणं हेच जिचं काम, त्या मॅक्रोफेज पेशीच्या पोटात तो बिऱ्हाड करतो. चोरानं पोलीस चौकीतच खोली भाड्यानं घ्यावी, तसं. मॅक्रोफेज गिळते, पण पचवत नाही. पचवण्यासाठी तिला बाहेरून निरोप लागतो. पेशी एकमेकींना प्रथिनांच्या रूपात जे निरोप धाडतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. मॅक्रोफेज इंटरल्युकिन-१२ सोडून टी-पेशी या दुसऱ्या रक्षक पेशीला जागं करते, आणि टी-पेशी उलट टपाली इंटरफेरॉन-गॅमा पाठवते. तो पोचला की मॅक्रोफेजच्या आतल्या पिशव्या आम्लानं भरतात, नायट्रिक ऑक्साइडसारखी विषारी द्रव्यं तयार होतात आणि बिऱ्हाडकरूचे दिवस भरतात.

१९९१ साली संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या चट्ट्यांचे तुकडे घेऊन तिथे कुठले निरोप चालू आहेत ते तपासलं. जंतू नसलेल्या चट्ट्यात इंटरफेरॉन-गॅमाची वर्दळ होती. जंतूंनी भरलेल्या कातडीत इंटरल्युकिन-४ आणि १० यांचा वरचष्मा होता, आणि इंटरल्युकिन-१० म्हणजे ‘शांत बसा’ असा निरोप. पुढे २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. विषाणूंना आडवा येणारा पहिला इंटरफेरॉन १९५७ साली लंडनमध्ये सापडला, त्याच घराण्यातला इंटरफेरॉन-बीटा या कातडीत गॅमाचं काम दाबून टाकतो. आडनाव एक असलं म्हणून काय झालं? भाऊबंदकी आपल्यालाच ठाऊक आहे असं थोडंच आहे!

आता तुमच्या मनात येईल की मग गॅमा टोचून का देत नाहीत? टोचून पाहिला. १९८६ मध्ये जंतूंनी भरलेल्या रोग्यांच्या कातडीत अगदी थोडा टोचला, आणि त्या जागेपुरते बहुतेकांचे जंतू घटले. डॉक्टर खूश झाले. पुढे हेच महिनोन्‌महिने चालू ठेवलं, तेव्हा सहा-सात महिन्यांत निम्म्याहून अधिक रोग्यांना ताप आला आणि अंगभर लाल, दुखऱ्या गाठी उठल्या. टीएनएफ नावाचा दुसरा निरोप वाढला होता. त्या गाठींवर गुण आला थॅलिडोमाइडचा. होय, गर्भवतींनी घेतल्यानं हजारो मुलं हातापायांची व्यंगं घेऊन जन्मली, तेच औषध. १९६०च्या दशकात जेरुसलेममध्ये एका डॉक्टरांनी ते कुष्ठरोग्याला निव्वळ झोप लागावी म्हणून दिलं, तर गाठीच बसल्या. ते टीएनएफ कमी करतं, हे पुष्कळ नंतर कळलं.

तरीही कोविडपासून ‘इम्युनिटी वाढवा’ हा मंत्र घरोघरी गेला आहे. काढे आले, चूर्णं आली, बिस्किटांच्या पुड्यावरसुद्धा इम्युनिटी छापून आली. जणू प्रतिकारशक्ती म्हणजे बँकेतली शिल्लक, जितकी जास्त तितकी बरी! माझा या मंत्रावर राग आहे, तो लपवत नाही. कुष्ठरोगात बोटं वाकडी होतात ती बऱ्याचदा जंतूमुळे नव्हे, त्याच्यावर तुटून पडलेल्या आपल्याच पेशींमुळे. हा जंतू नसांमध्येही राहतो. उपचार चालू असताना, कधी संपल्यावरही, शरीराला अचानक जाग येते. गॅमा आणि टीएनएफ उसळतात, कोपरामागची नस सुजते, आणि काही दिवसांत हात पंजासारखा आखडतो. रोगी म्हणतो, ‘गोळ्या घेतल्या आणि हात गेला.’ त्याचं निरीक्षण चूक नाही. गोळ्यांना दोष देऊन त्या बंद करणं मात्र चूक. अशा वेळी निरोपांचा हा गलका दाबायला स्टेरॉइड देतात. जंतूवरच्या गोळ्या चालूच ठेवतात.

म्हणून कुष्ठरोगाचं काम करणारा कार्यकर्ता रोग्याला नुसतं चट्ट्याबद्दल विचारत नाही. करंगळी बाजूला ताणून धरायला सांगतो आणि आपल्या बोटानं ती आत दाबतो. गेल्या महिन्यात टिकलेली करंगळी आज दबली, तर त्याच दिवशी रोग्याला डॉक्टरांकडे पाठवायचं.