दाभोळचा वीज करार आणि सरकारची सौदाशक्ती

परदेशात प्रकल्प उभारू पाहणाऱ्या कंपनीचे वजन करारावर सही होईपर्यंत सर्वांत जास्त असते. भांडवल तिच्या हातात असते आणि अटी पटल्या नाहीत तर दुसऱ्या देशाची वाट धरता येते. एकदा पैसा गुंतला, यंत्रे बसली की पारडे सरकारकडे झुकू लागते. वीज केंद्र उचलून नेता येत नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ रेमंड व्हर्नन यांनी १९७१ मध्ये हा विचार मांडला. म्हणूनच जाणत्या कंपन्या आपले नंतरचे दुबळेपण आधीच करारात झाकून घेतात. महाराष्ट्रातील गुहागर तालुक्यात उभ्या राहिलेल्या दाभोळ वीज प्रकल्पात एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीने नेमके हेच केले.

१९९१ च्या परकीय चलन संकटानंतर केंद्राने वीजनिर्मिती खासगी भांडवलाला खुली केली. जून १९९२ मध्ये एन्रॉनचे शिष्टमंडळ आले आणि काही दिवसांतच महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशी सामंजस्य करार झाला. स्पर्धात्मक निविदा निघालीच नाही, आणि साऱ्या प्रकरणातील मूळ दोष हाच. आयात वायूची ही वीज महाग पडेल, ती परवडणार नाही, असे जागतिक बँकेने १९९३ मध्ये कळवले होते. तरीही त्या डिसेंबरात वीस वर्षांचा खरेदी करार झाला. दर डॉलरशी बांधलेला, इंधनाच्या किमतीचा भार मंडळावर, आणि वीज उचलली नाही तरी स्थिर आकार द्यायचाच. त्यावर १९९४ मध्ये राज्याची हमी आणि, राज्याने पैसे न दिल्यास, केंद्राची प्रतिहमी मिळाली. तंटा झाल्यास लवाद लंडनमध्ये. नफा कंपनीचा आणि जोखीम जनतेची, अशी ही वाटणी होती.

१९९५ मध्ये राज्यात सत्ताबदल झाला. उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालानंतर ऑगस्टमध्ये सरकारने प्रकल्प रद्द केला. सौदाशक्ती खरोखर सरकारकडे आली होती. पण कंपनी लवादाकडे गेली. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने तर जूनमध्येच करार मोडण्याविरुद्ध जाहीर इशारा दिला होता. फेरवाटाघाटींत दर काहीसा उतरला, मात्र क्षमता २,०१५ वरून २,१८४ मेगावॅटपर्यंत वाढली, म्हणजे मंडळाचे एकूण दायित्वही वाढले. हे सरकारचे यश म्हणता येत नाही. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या वेलदूर-अंजनवेलच्या गावकऱ्यांना या बोलण्यांत जागा नव्हती. विरोध करणाऱ्यांच्या वाट्याला पोलिसी कारवाई आली.

१९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. रुपया घसरला, इंधन म्हणून वापरला जाणारा नाफ्था महागला आणि मंडळाला बिले झेपेनाशी झाली. २००१ च्या फेब्रुवारीत कंपनीने केंद्राकडे प्रतिहमीची रक्कम मागितली. मे महिन्यात मंडळाने वीज घेणे थांबवले. डिसेंबरात एन्रॉन स्वतःच दिवाळखोरीत गेली. भागीदार जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचे दावे २००५ मध्ये तडजोडीने मिटले. त्याच वर्षी एनटीपीसी, गेल आणि भारतीय वित्तसंस्थांच्या सहभागाने स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीने बंद पडलेले केंद्र ताब्यात घेतले.