घरांतील छायाचित्रांची वही
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त अमरावती येथें केलेलें भाषण)



महोत्सवासाठीं जुनीं छायाचित्रें मांडावयाचें ठरलें, तेव्हां अमरावती व अकोला येथील घरोघरच्या पेट्या उघडल्या गेल्या. चित्रें पुष्कळ आलीं. परंतु कित्येकांच्या पाठीवर एक अक्षरहि नव्हतें. त्यांत एक माझ्याच घरचें आहे. लग्नाचा समुदाय असून मधोमध एक वृद्धा बसली आहे. तिला माझ्या आत्याबाई ओळखीत असत. विचारूं, विचारूं म्हणतां दोन पावसाळे गेले आणि आत्याबाई परमेश्वराच्या घरीं गेल्या. आतां २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनीं, त्या वृद्धेसाठीं कोणतें नांव घेऊन प्रार्थना करावी, हें मला कळत नाहीं.

ही हानि लहान नव्हे. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत पोरकें होऊन जें मूल मिशनच्या आश्रयास आलें, त्याच्या वंशजांजवळ ना वतनाचे कागद, ना वंशावळ. बाप्तिस्म्याच्या नोंदवहींतील एक ओळ व एखादें जीर्ण चित्र, एवढाच त्यांचा इतिहास. मत्तयाचें शुभवर्तमान तर नांवांच्या मालिकेनेंच सुरू होतें. नांवांचा कंटाळा आपल्याला शोभत नाहीं.

म्हणून वही करावयास बसाल, तेव्हां डिंकाची बाटली दूर ठेवा. पहिलें काम डकविण्याचें नव्हे, विचारण्याचें आहे. घरांतील सर्वांत वडील माणसापुढें एकेक चित्र धरा व तें जें सांगेल तें त्याच वेळीं लिहून घ्या. मग चित्रें आकाराप्रमाणें न लावतां घराणें व प्रसंग यांप्रमाणें लावा.

साल ठाऊक नसेल, तर चित्रच साक्ष देतें. मिस्सेंत धर्मगुरु लोकांकडे पाठ करून वेदीपुढें उभे असतील, तर तें चित्र बहुधा १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या काळापूर्वींचें समजावें. वऱ्हाड पूर्वीं नागपूर धर्मप्रांतांत होतें. अमरावतीचा धर्मप्रांत १९५५ सालीं झाला व जोसेफ रोझारिओ त्याचे पहिले बिशप झाले. दृढीकरणाच्या चित्रांत ते बिशपांच्या वेषांत असतील, तर चित्र त्यानंतरचें. बाप्तिस्मा व विवाह यांच्या तारखा फादरांना विनंति करून नोंदवहींतून पडताळून घ्याव्या.

नांवें चित्राच्या पाठीमागें, कडेला, मऊ शिसपेन्सिलीनें हलक्या हातानें लिहावीं. शाई कालांतरानें पुढें उमटते. अलीकडच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाहीं. तेथें नांव वहीच्या पानावर लिहावें.

आतां डकविण्याविषयीं. खळीला कसर लागते, डिंकानें कागद आखडतो आणि चिकटपट्टीचे पिवळे डाग कधीं जात नाहींत. ज्या आल्बमांचीं पानेंच चिकट असतात, त्यांतून चित्र पुढें फाटल्यावांचून निघत नाहीं. आम्लरहित जाड कागद घ्यावा व चित्राचे चारहि कोन कागदी कोपऱ्यांत अडकवावे. वर्तमानपत्राचें कात्रण चित्राला लागून ठेवूं नये. शोभेसाठीं कातरावयाचें असेल, तर प्रत काढून ती कातरावी. मूळ चित्राला कात्री लावूं नये.

आपल्या वऱ्हाडांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर जातो व पावसाळ्यांत भिंतींना ओल येते. म्हणून वही माळ्यावर, पत्र्याखालीं किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवूं नये. आंतील खोलींतील कपाटांत, जमिनीपासून उंच ठेवावी. वाळवीचें भय असतें. दूरध्वनीवर काढलेली प्रत उपयोगी खरी, पण यंत्र बिघडलें कीं तीहि जाते. यास्तव एक प्रत अमरावतीस असेल, तर दुसरी अकोल्याच्या आप्तांकडे असूं द्यावी.

बंधुभगिनींनो, वहीचीं शेवटचीं पानें कोरीं राखा; तीं मुलांसाठीं आहेत. आणि दर २ नोव्हेंबरला ती वही सर्वांच्या देखत उघडून नांवें मोठ्यानें वाचा.

माझें तें चित्र दारापाशीं मेजावर ठेवलें आहे. त्या वृद्धेला कोणी ओळखीत असेल, तर त्यानें सभा संपल्यावर कृपा करून मला भेटावें. पेन्सिल मीं बरोबर आणली आहे.