माप कुणाचे घ्यायचे?

फॅशनमधल्या सर्वसमावेशकतेची परिषद वाळूज एमआयडीसीतल्या बजाजनगर या कामगार वसाहतीत कशाला, असे अनेकांनी विचारले. पहिल्या पाळीच्या वेळी कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या बायकांकडे नीट पाहा. गणवेशाचा शर्ट पुरुषाच्या मापाचा. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, बाह्या दोनदा दुमडलेल्या. हीच बाई गल्लीतल्या टेलरताईंकडे जाते, तेव्हा टेप तिच्या अंगाला लागतो. पुढेमागे उसवून सैल करता यावे म्हणून आत दोन बोटे मायाही सोडली जाते. रेडीमेडच्या धंद्याने ही रीत सोडली. व्हीलचेअरवर दिवस काढणाऱ्याला पँटचा मागचा खिसा टोचतो का, हे कापणाऱ्याने त्याला कधी विचारलेलेच नसते.

२०१७ साली मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये नेपाळच्या अंजली लामा रॅम्पवर आल्या आणि तृतीयपंथी मॉडेलसाठी वाट मोकळी झाली. त्या वाटेचे मोल मोठेच आहे. पण कपडा घडवणाऱ्या हातांना मान कधी मिळणार?

इथून पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे. पैठणीचा पदर उलटून पाहा. मोर दोन्ही अंगांनी तितकाच रेखीव, कारण प्रत्येक रंगाची कांडी विणकर बोटांनी फिरवतो. आपल्या शहराचा सुती-रेशमी हिमरू मुस्लिम कारागिरांच्या घराण्यांनी जपला. या हातांची नावे दुकानाच्या पाटीवर सोडाच, बिलावरही नसतात.

जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरी घाटाच्या चपला दाखवल्या, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. २०१९ पासून त्या चपलांना भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातून आवाज उठला, तेव्हा कंपनीने मूळ मान्य केले. तो आवाज रास्तच होता. मात्र पायताण शिवणाऱ्या चर्मकाराला जोडीमागे किती सुटतात, हे आपल्या शोरूमवाल्यांनाही तितक्याच जोराने विचारायला हवे.

म्हणून दुपारच्या सत्रात आधी विणकर, चर्मकार आणि शिवणकाम करणाऱ्या भगिनी बोलतील. डिझायनर आणि व्यापारी मंडळींनी त्यानंतर उत्तरे द्यावीत, ही स्वागत समितीची विनंती. व्यासपीठाला उतार केला आहे, सांकेतिक भाषेचे दुभाषेही आहेत. जेवण दीड वाजता, मागच्या मंडपात.