पाच दिवसांचं रक्त

लकडगंजात आमच्या घरासमोर लाकडाची टाल आहे. रचलेलं सागवान चार-चार पावसाळे काढतं. रक्ताचं तसं नाही, हे मला टालीवरच्या एका हमालाच्या मुलीमुळे कळलं.

तिला रक्ताचा कर्करोग झाला. केमोथेरपी रोगट पेशी मारते, पण अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या चांगल्या पेशींनाही सोडत नाही. प्लेटलेट्स घटल्या, हिरड्यांतून रक्त थांबेना. दान केलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी थंडाव्यात सहा आठवडे टिकतात, प्लाझ्मा गोठवून वर्षभर. प्लेटलेट्स मात्र सतत हलत्या ठेवूनही जेमतेम पाच दिवस. पंधरवड्यापूर्वीच्या शिबिरातलं काही उरलं नव्हतं.

रमजान होता. तरावीह आटोपून आम्ही तिघे निघालो, टालीवरचे तिघे आले. रक्ताच्या नात्यावर मी पुष्कळ कविता लिहिल्या होत्या. रक्त त्या रात्री पहिल्यांदा दिलं. आठवड्याने पुन्हा प्लेटलेट्स लागल्या. आम्हाला तर तीन महिने रक्त देता येत नव्हतं. नवे सहा जण शोधावे लागले.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात 1983 साली डॉ. सुरेश अडवाणींनी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं, तेव्हापासून आपल्याकडे ही वाट खुली झाली. पण सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारांत एक. हिच्या भावाची जुळली नाही. औषधांवरच ती सावरली, आता शाळेत जाते.

ती सावरेपर्यंत तिला अनोळखी माणसांनी जगवलं. पुढच्या पाच दिवसांत कुणाला तरी तुमची गरज असेल.