सहवीज प्रकल्पांत पीएलसी आणि डीसीएस यांची जुळणी

साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पात नियंत्रणाची दोन घराणी एकत्र नांदतात. बॉयलर, टर्बाइन आणि वाफेचे जाळे वितरित नियंत्रण प्रणालीवर, म्हणजे डीसीएसवर चालते. बगॅसचे पट्टे, राख हाताळणी, डीएम प्लांट, कॉम्प्रेसर यांच्याबरोबर ज्याच्या त्याच्या पुरवठादाराचा पीएलसी येतो. शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांच्या या साखरपट्ट्यात जयसिंगपूरला भरलेल्या परिषदेपुढे हाच विषय असावा, हे योग्य आहे. कारण प्रकल्प उभा राहताना प्रत्येक यंत्राची चाचणी होते, पण दोन यंत्रांमधल्या दुव्याची जबाबदारी पुष्कळदा कोणाच्याच करारात स्पष्ट नसते.

दोघांचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. 1968 मध्ये जनरल मोटर्सला रिलेंच्या पॅनेलना पर्याय हवा होता. त्यातून डिक मॉर्ले आणि सहकाऱ्यांचा मोडिकॉन 084 हा पीएलसी घडला. चालू-बंद, क्रम, इंटरलॉक ही कामे काही मिलिसेकंदांत करणे हे त्याचे बळ. डीसीएस 1975 मधला. हनीवेलचे टीडीसी 2000 आणि योकोगावाचे सेंटम हे त्याचे पहिले नमुने. ड्रमची पातळी, वाफेचा प्रवाह आणि फीडवॉटरचा प्रवाह या तिन्हींचा मेळ घालून पाण्याचा व्हॉल्व्ह सतत हलता ठेवणे, शेकडो लूप एकाच डेटाबेसमध्ये आणि एकाच पडद्यावर ठेवणे, हे त्याचे काम. चंद्रपूरसारख्या मोठ्या औष्णिक केंद्राला जी विभागणी लागते, तीच लहान आकारात सहवीज प्रकल्पाला लागते. फरक इतकाच की इथे इंधन उसातूनच येते. गाळलेल्या उसाच्या 28 ते 30 टक्के बगॅस निघते, त्यात निम्मी ओल असते, आणि मिल थांबली की ताज्या बगॅसचा पुरवठाही थांबतो.

जुळणीचा पहिला प्रश्न प्रोटोकॉलचा समजला जातो. तो खरे तर दुसरा आहे. कोणता संकेत तारेने जायचा आणि कोणता दुव्याने, हा निर्णय आधी व्हायला हवा. ग्रिडमध्ये बिघाड होऊन ब्रेकर उघडला, तर बाहेर जाणारी वीज त्या क्षणी थांबते आणि टर्बाइनचा वेग चढू लागतो. तोवर ग्रिडच्या मागे चालणाऱ्या गव्हर्नरला आता एकट्याने 50 हर्ट्झ सांभाळायचे असते. ब्रेकरचा संपर्क गव्हर्नरपर्यंत थेट तारेनेच गेला पाहिजे. टर्बाइन ट्रिप, बॉयलर ट्रिप आणि आणीबाणीचे बटण यांनाही हाच नियम. तारांचा खर्च वाचवण्यासाठी हे संकेत दुव्यावर टाकणे कोणत्याही सबबीखाली मान्य होण्याजोगे नाही.

दुव्याचा वेग गणितात मांडला की कारण उमगते. मॉडबस हा प्रोटोकॉल 1979 पासून चालत आला आहे आणि त्याचा आरटीयू प्रकार अजून जागोजाग दिसतो. 9600 बॉडवर 125 रजिस्टर वाचायची तर प्रश्नाचे 8 आणि उत्तराचे 255 बाइट लागतात. प्रत्येक बाइटला 11 बिट धरले तर एका फेरीला सुमारे 0.3 सेकंद जातात. एकाच तारेवर असे दहा पीएलसी असतील तर शेवटच्याची बातमी तीन सेकंद जुनी असते. टाकीच्या पातळीला तीन सेकंद चालतात. मुख्य बगॅस पट्टा थांबल्याची सूचनाही एवढ्या उशिराने खपून जाते, कारण बॉयलरच्या बंकरमध्ये थोडे इंधन शिल्लक असते. ट्रिपला मात्र ते तीन सेकंद चालत नाहीत.

मग येतो आकड्यांचा अर्थ. रजिस्टरमध्ये 16 बिटचा नुसता पूर्णांक असतो. तो टक्के आहे की टन, हे त्याच्यावर लिहिलेले नसते. सीमेन्सच्या पीएलसीत 4 ते 20 मिलिअँपिअरचा पूर्ण संकेत 27648 असा वाचला जातो. डीसीएसमध्ये पूर्ण पट्टा 32767 धरला गेला, तर डीएम टाकी काठोकाठ भरली तरी पडद्यावर 84 टक्केच दिसेल. पाणी ओसंडून गटारात जाईल आणि पॅनेल ऑपरेटर मात्र नियमाप्रमाणे प्लांट चालूच ठेवील. दशांश संख्या दोन रजिस्टरमध्ये विभागून येते, त्यांचा क्रम उलटला तर अशक्य आकडा दिसतो. ती चूक निदान लगेच पकडली जाते. आकड्याच्या पट्ट्याची चूक वर्षभर लपून राहू शकते. म्हणून प्रत्येक रजिस्टरचा पत्ता, पट्टा, एकक आणि मालक यांची यादी करारासोबतच हवी.

सर्वांत फसवा प्रकार गोठलेल्या आकड्याचा. तारेने येणारा 4 ते 20 मिलिअँपिअरचा संकेत तार तुटताच शून्यावर जातो आणि बिघाड उघड होतो. दुवा तुटल्यावर मात्र पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहू शकतो, आणि तो अगदी निरोगी दिसतो. 2008 पासूनच्या ओपीसी यूए या प्रोटोकॉलमध्ये मूल्यासोबत त्याची गुणवत्ता आणि वेळही येते. मॉडबसमध्ये तशी सोय नाही. तिथे पीएलसीने दर सेकंदाला वाढणारा मोजक पाठवावा आणि तो काही सेकंद थांबला की डीसीएसने त्या पीएलसीचे सगळे आकडे संशयास्पद ठरवावेत. पीएलसीच्या बाजूलाही असेच हवे: डीसीएस गप्प झाला तर पट्टा चालू ठेवायचा की थांबवायचा, हे आधी ठरलेले असावे. पंप सुरू करण्याची आज्ञा एका वेळी एकाच ठिकाणाहून स्वीकारली जावी. स्थानिक की दूरस्थ, हे सांगणारी कळ यंत्राजवळच असावी, पडद्यावर नव्हे.

घड्याळांचेही तसेच. ग्रिड आधी तुटली की टर्बाइन आधी ट्रिप झाले, यावर दोष कोणाकडे जाणार हे ठरते. दोन यंत्रांच्या घड्याळांत दोन सेकंदांचा फरक असेल तर नोंदींचा क्रमच उलटतो. एकाच जीपीएस घड्याळावरून सर्वांना वेळ द्यावी. ज्या संकेतांच्या क्रमाची मिलिसेकंदी नोंद हवी, ते मात्र दुव्यावरून न घेता थेट ती नोंद करणाऱ्या कार्डावर आणावेत.

दुवा जसा माहितीला वाट देतो, तसा घुसखोरीलाही. 2010 मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घातक सॉफ्टवेअरने पीएलसीलाच लक्ष्य केले होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2021 मध्ये वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. हंगामात बिघाड दुरुस्त करायला येणाऱ्या पुरवठादाराचा लॅपटॉप थेट नियंत्रण जाळ्यात लावण्याची रीत लहान प्रकल्पांतूनही बंद व्हायला हवी.

चाचणीची वेळ बिगरहंगामात, बॉयलरच्या अग्निप्रदीपनाआधी. पावसाळ्यात जंक्शन बॉक्समध्ये ओल शिरते, केबलच्या चरांत उंदीर शिरतात. 2019 च्या महापुराने शिरोळ तालुक्यात पाणी कुठवर चढते हे दाखवले आहे, त्यामुळे दुव्यांचे स्विच आणि पॅनेल त्या पातळीच्या वर असावेत. चाचणीत प्रत्येक दुव्याची केबल एकेक करून मुद्दाम काढावी. पडद्यावर आकडे संशयास्पद दिसले का, अलार्म किती सेकंदांत आला, पीएलसीने ठरल्याप्रमाणे पट्टा थांबवला का, केबल परत लावल्यावर जुनी आज्ञा आपोआप पुन्हा लागू तर झाली नाही ना, हे पाहून पाळीप्रमुखाच्या सहीने नोंदवावे. गाळप सुरू झाल्यावर केबल काढायला कोणी परवानगी देत नाही.