घाटातला थांबा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



उद्या सकाळी आपण सगळे आंबोलीला निघणार आहोत. मी सावंतवाडी–आंबोली–बेळगाव रस्त्यावर बावीस वर्षं एसटी चालवली, म्हणून 'घाटाबद्दल दहा मिनिटं बोल' असा आयोजकांचा हुकूम आहे. फळ्यासमोर उभं केलं की माझी बोबडी वळायची, हे पहिल्या रांगेत बसलेल्या बाईंना आठवत असेल. स्टिअरिंग हातात नसलं की आजही तसंच होतं. सांभाळून घ्या.

सावंतवाडीहून आंबोली सुमारे ३० किलोमीटर. दाणोली मागे पडली की चढ लागतो आणि रस्ता आपल्याला जवळजवळ ६९० मीटर उंचीवर नेऊन सोडतो. समुद्रावरून आलेले ढग इथे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. आंबोलीचा वर्षाचा पाऊस सरासरी ७,००० मिलिमीटरच्या आसपास. सगळा साठवून ठेवला, तर माणसाच्या उंचीच्या चौपट पाणी उभं राहील. भूगोलाच्या तासाला हे शिकलो होतो, पण मला ते समजलं वायपर बंद पडल्यावर.

घाटात मोठा धबधबा थेट रस्त्याच्या कडेला कोसळतो. दुसरीकडे धबधबा लांबून बघावा लागतो, आपल्याकडे गाडीतून उतरलं की चार पावलांवर तुषार अंगावर. हीच त्याची गंमत, आणि अडचणही हीच. कारण त्याच रस्त्याने दूध, भाजी, शाळेची मुलं आणि आजारी माणसंही खाली येतात.

एक प्रसंग सांगतो. जुलैतला रविवार होता. मी आंबोलीहून खाली येत होतो. वरच्या एका वाडीतली दिवस भरलेली मुलगी सासूबरोबर गाडीत चढली. कळा सुरू झाल्या होत्या. धबधब्याच्या वरच्या वळणावर गाडी थांबली ती थांबलीच. पुढे दोन्ही बाजूंना मोटारी लावलेल्या, मालक पाण्यात. मी हॉर्न वाजवत होतो, पण पाण्याच्या त्या आवाजात खाली उभ्या माणसाला हॉर्न ऐकू येत नाही. तसल्या पावसात आमचे कंडक्टर उतरले आणि एकेका मोटारीशी जाऊन शिट्टी फुंकत राहिले. एका कुलूपबंद गाडीचा मालक शेवटपर्यंत सापडला नाही. मग भिजलेली कॉलेजची सात-आठ पोरं पुढे आली आणि त्यांनी ती गाडी चक्क उचलून कडेला सरकवली. पन्नास मिनिटं गेली. मागे वळून बघायची माझी हिंमत नव्हती. सासू एकच विचारत होती, "ड्रायव्हरदादा, पोचू ना?"

पोचलो. संध्याकाळी मुलगी झाली, दोघी सुखरूप. चार दिवसांनी सासूबाई डेपोत येऊन खाज्याचा पुडा ठेवून गेल्या. त्या पन्नास मिनिटांत रस्ता अडवणारा एकही माणूस वाईट नव्हता. सगळे पोरंबाळं घेऊन आनंद करायला आले होते. 'दोनच मिनिटं' म्हणून प्रत्येकाने गाडी लावली होती. शंभर जणांची दोन-दोन मिनिटं एका बाईच्या वाट्याला आली.

उद्या आपल्याही दहा-बारा गाड्या असणार. म्हणून थोडं ऐका. वळणावर किंवा धबधब्यासमोर गाडी लावू नका. पुढे मोकळी जागा बघून लावा आणि चालत मागे या. चालणं डॉक्टरांनीही सांगितलंच आहे. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. ज्या गिअरात चढलात, साधारण त्याच गिअरात उतरा. सारखा ब्रेक दाबला तर तो तापतो आणि ऐन वेळी दगा देतो. धुक्यात दिवा खालचा ठेवा, वरच्या झोताने समोर नुसती पांढरी भिंत दिसते. पाण्यात उभे असताना ते एकाएकी लाल, गढूळ झालं किंवा पालापाचोळा वाहून येऊ लागला, तर फोटो राहू दे, आधी बाहेर या. वरती जोराचा पाऊस झालेला असतो. दरडीवरून बारीक खडे सुटू लागले तर तिथे थांबू नका. आणि माकडांना वेफर देऊ नका, त्यांना रस्त्यावर बसायची सवय लागते.

वर पोचल्यावर हिरण्यकेशीच्या उगमाशी जाऊ. धबधब्याचं पाणी कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतं. हिरण्यकेशी मात्र पूर्वेला जाते, घटप्रभेतून कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात पोचतं. त्या उगमाच्या कुंडात २०२० मध्ये माशाची एक नवी जात सापडली. तिला नदीचंच नाव मिळालं, आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. जगात फक्त आंबोलीच्या परिसरात आढळणारा एक भेक, म्हणजे टोड, पावसाळ्यात रात्री रस्त्यावर येतो आणि चाकाखाली जातो. रात्री परतताना वेग कमी ठेवा. तेवढ्याने एखादा वाचेल.

पूर्वी घाटात कमी लोक थांबत, आता खूप थांबतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. चहाच्या टपऱ्या आणि मक्याची कणसं भाजणाऱ्या बायका त्यावरच पावसाळा काढतात. तेव्हा चहा तिथेच घ्या, कणीस तिथेच खा, फक्त प्लॅस्टिक परत आणा. आणि एक लक्षात ठेवा, आपण सगळे साठीच्या पुढचे, दोघांचं बायपास झालंय. उद्या ती घाईची गाडी आपल्यापैकीच एखाद्याला घेऊन खाली येत असू शकते.

सकाळी सात वाजता शाळेच्या फाटकाशी जमा. गाडी तरुण पोरगा चालवणार आहे. मी शेजारी गप्प बसेन, असं घरी कबूल करून आलोय.