चौथा महिना लागला म्हणून निर्धास्त नको
(महिला सभेत आमच्या परिचारिकेने केलेले भाषण)



सातपुड्यातल्या पाड्यांवर मी परिचारिका म्हणून फिरते. आमच्या जीपचं डिझेल तुमच्या दानातून येतं, तेव्हा त्या जीपमधून काय दिसतं ते तुम्हाला सांगायलाच हवं.

तीन महिने झाले, ओकाऱ्या थांबल्या, की घरचे म्हणतात, “आता भीती गेली.” हे अर्धंच खरं. गर्भ पडण्याची भीती चौथ्या महिन्यात बरीच कमी होते, पण नेमकं तेव्हाच बाईला बरं वाटू लागतं. मग ती पुन्हा हंडा उचलते, निंदणीला जाते, दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत निघते. तिथे तिच्याकडे कोण बघणार?

अंगावरून रक्त गेलं, अगदी डागाएवढं, तरी दाखवावं. सोबत ओटीपोटात कळा असतील किंवा पाणी जात असेल, तर सकाळची वाट पाहू नये. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अशा वेळी 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं. शहरातल्या शिकलेल्या बहिणींनाही हे ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम सांगते. थंडी वाजून ताप आला तर मलेरियासाठी रक्त तपासावं. लघवीची जळजळ लाजेनं लपवतात. दुर्लक्ष झालं तर ती मूत्रपिंडापर्यंत पोचते.

आमच्याकडे सिकलसेल आहे. मागच्या पावसाळ्यात एका चौथ्या महिन्याच्या सुनेचे हातपाय ठणकत होते. सासूला वाटलं कामाचा शीण, तिनं प्रेमानं तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी छातीत दुखून धाप लागली, तेव्हा आशाताईंचा निरोप आला. पाड्यापर्यंत रस्ता नाही. चार माणसांनी तिला बांबूच्या झोळीतून खाली आणलं, तिथून 108 ची गाडी. उपचार झाले, रक्त चढवलं, आणि पुढे तिला मुलगी झाली. सासूला मी दोष देत नाही. सुनेला सिकलसेल आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. ती तपासणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी.

डोळे, जीभ पांढरी दिसणं, चार पावलांत दम लागणं हेही सोडू नये. हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेलं तर नुसत्या गोळ्यांवर भागत नाही. एरवी लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज. शौच काळी होते म्हणून कितीतरी जणी ती चुलीत टाकतात! काळी होणारच, त्यात भिण्यासारखं काही नाही. तसंच, पहिलटकरणीला चौथ्या महिन्यात बाळ हललेलं कळत नाही. पाचव्यात कळू लागतं, तोवर रडू नये.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी आमची जीप पाड्यांखालच्या रस्त्यावर उभी असते. बायकांसोबत दिवसभर थांबायला, मुलं धरायला माणसं कमी पडतात. यायची तयारी असेल त्यांनी सभेनंतर मला भेटावं.